एका गोळीची दोन कामे

दरवर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन पाळला जातो. त्या दिवशी गावोगावी फेऱ्या निघतात, छातीवर लाल फीत लावली जाते, घोषणा दिल्या जातात. तुमच्यापैकी काही जण अशा फेरीत चाललेही असतील. या घोषणा बहुतेक वेळा निरोगी माणसासाठी असतात. 'सावध राहा, आजार टाळा,' असे त्या सांगतात. पण ज्याच्या शरीरात विषाणू आधीच शिरला आहे, त्याचे काय? या आजाराला आळा घालण्यात त्याचा वाटा फार मोठा असतो आणि त्याच्याविषयीच आपण सर्वांत कमी बोलतो. या पाठात त्याच्याविषयी वाचूया.

आधी दोन शब्दांतला फरक समजून घ्या. एच.आय.व्ही. हे एका विषाणूचे नाव आहे. हा विषाणू रक्तातील संरक्षक पेशींवर हल्ला करतो. उपचार मिळाले नाहीत, तर काही वर्षांनी शरीराची प्रतिकारशक्ती फार कमी होते. मग क्षयासारखे आजार माणसाला सहज गाठतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एच.आय.व्ही. असलेल्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो, असे नाही. हा विषाणू असुरक्षित शारीरिक संबंधांतून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाकडे जातो. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही. हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत सापडला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधला. तेव्हा या आजारावर उपचार नव्हते. पुढे औषधे निघाली, पण ती सामान्य माणसाला परवडत नसत. म्हणून बरीच वर्षे सारा भर लोकांना सावध करण्यावर होता. भिंतींवर भीती घालणारी चित्रे रंगवली जात. त्या चित्रांनी लोक सावध किती झाले, ते सांगता येत नाही. रुग्णांपासून दूर मात्र नक्की पळाले.

१ एप्रिल २००४ पासून काही सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत मिळू लागली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यांपैकी एक होते. हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे निघाली. त्यांना ए.आर.टी. केंद्र म्हणतात. रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातही असे केंद्र आहे.

तिथे काय चालते, ते पाहूया. समजा, एक तांडेल आहे. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा प्रमुख. (तांडेलच का? शिक्षक, कारकून, रिक्षावाला, गृहिणी, कोणीही घ्या. विषाणू कोणाचा धंदा विचारून येत नाही.) तो ठरलेल्या तारखेला केंद्रात येतो. त्याचे वजन केले जाते. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनातली घट आहे का, असे विचारले जाते. ही क्षयाची लक्षणे आहेत आणि एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला क्षयाचा धोका जास्त असतो. मागच्या वेळी दिलेल्या गोळ्यांपैकी किती उरल्या, ते मोजले जाते. हिशोब जुळला नाही, तर गोळी चुकली, हे लगेच कळते.

मग तो समुपदेशकाकडे जातो. समुपदेशन हा शब्द अवघड वाटेल, पण उर्दूत तुम्ही ज्याला 'मशवरा' म्हणता, त्याच्या जवळचाच हा शब्द आहे. समुपदेशक रागावत नाही, विचारतो. "बोटीवर किती दिवस असता? गोळ्यांची डबी कोठे ठेवता? भिजत नाही ना?" तांडेल कित्येक दिवस समुद्रावर असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते, तेव्हा तो घरी असतो. दोन्ही वेळचा दिनक्रम वेगळा. तब्येत स्थिर असेल, तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. रमजान जवळ आला असेल, तर रोजे सुरू होण्याआधीच गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. ती रात्री घेतली की सोय होते.

याच बैठकीत आणखी काही प्रश्न येतात. पत्नीची तपासणी झाली का? ती तपासणीला राजी आहे का? दोघांना मूल हवे आहे का? निरोध वापरता का? केंद्रात तो मोफत मिळतो. आता लक्षात घ्या, या सगळ्यासाठी वेगळी सभा नाही, वेगळी खिडकी नाही, वेगळा दिवस नाही. माणूस स्वतःच्या औषधासाठी आला आणि त्याच फेरीत त्याच्या घरातल्या माणसांच्या संरक्षणाचेही काम झाले. मला तर हे काम वर्षातून एकदा निघणाऱ्या फेरीपेक्षा मोठे वाटते. ते वर्षभर, आवाज न करता चालते.

पण पाठाच्या नावात आहे ती गोष्ट अजून राहिलीच. गोळीचे पहिले काम म्हणजे रुग्णाचा जीव वाचवणे. दुसरे काम कोणते?

२००७ च्या सुमारास नऊ देशांत एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात १,७६३ जोडपी सहभागी झाली. प्रत्येक जोडप्यात एकाला एच.आय.व्ही. होता, दुसऱ्याला नव्हता. भारतातली काही जोडपी चेन्नईची होती, तर काही पुण्याची. पुण्यात हे काम तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने केले. सर्वांना समुपदेशन आणि निरोध देण्यात आले. निम्म्या रुग्णांना गोळ्या लगेच सुरू केल्या. उरलेल्यांना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, म्हणजे प्रतिकारशक्ती घटल्यावर, सुरू करायचे ठरले. २०११ साली आकडे पाहिले गेले. जोडीदाराकडून विषाणू लागलेली माणसे २८ होती. त्यांपैकी २७ जण उशिरा उपचारांच्या गटातले होते. लगेच उपचारांच्या गटातला फक्त एक! हे दिसताच दुसऱ्या गटालाही गोळ्या देऊ करण्यात आल्या. भारतात २०१७ पासून तपासणीत एच.आय.व्ही. आढळलेल्या प्रत्येकाला, प्रतिकारशक्ती किती आहे याची वाट न पाहता, उपचार देण्याचे धोरण आहे.

याचे कारण सोपे आहे. गोळी नियमित घेतली की रक्तातील विषाणूंची संख्या घटत जाते. शेवटी ती इतकी कमी होते की तपासणीत विषाणू सापडत नाही. अशा माणसाकडून शारीरिक संबंधांतून विषाणू दुसऱ्याला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले. विषाणू सापडत नाही, म्हणजे तो संपला असे मात्र नाही. तो शरीरातल्या काही पेशींत दडून राहतो. गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढतो. म्हणून रक्तातील विषाणूंचे प्रमाण ठरावीक काळाने तपासले जाते. रक्तदान तर अशा माणसाने कधीच करायचे नसते.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत ही दोन कामे डोळ्यांना दिसतात. तिची नेहमीची तपासणी चालू असतानाच तिच्या संमतीने एच.आय.व्ही.चीही तपासणी केली जाते. विषाणू आढळला, तर तिला लगेच गोळ्या सुरू होतात आणि जन्मानंतर बाळालाही औषध दिले जाते. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते आणि शेवटची अठरा महिन्यांनी. तोवर ते चालायला लागलेले असते. आईने गोळ्या वेळेवर घेतल्या असतील, तर विषाणू नसलेले बाळ जन्माला येण्याची शक्यता फार मोठी असते.

मग अडते कोठे? पुष्कळदा ते औषधापाशी नाही, तर रुग्णालयाच्या फाटकापाशी अडते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी सगळे एकमेकांना ओळखतात. रांगेत मावशी भेटली तर? शेजाऱ्याने पाहिले तर? 'लोक काय म्हणतील' या भीतीने कोणी गोळ्यांची डबी घरात लपवतो, कोणी जवळचे केंद्र सोडून दूरच्या शहरात जातो. मग एखाद्या महिन्यात प्रवासाला पैसे नसतात, एखाद्या वेळी रजा मिळत नाही. तारीख चुकते. डबी रिकामी होते. विषाणू वाढू लागतो. त्यात धोका एकट्या रुग्णाचा नसतो, त्याच्या पत्नीचा किंवा पतीचा आणि होणाऱ्या बाळाचाही असतो. शेजारणीने सहज विचारलेला "तुम्ही इथे कशा?" हा प्रश्न इतक्या दूरवर जाऊ शकतो.

तुम्ही मघाशी दोनदा वाचलेले वाक्य इथे उपयोगी पडते. जो आजार बाकावर बसल्याने पसरत नाही, त्याच्यासाठी कोणाचा बाक बदलण्याचे कारण काय? कायदाही हेच सांगतो. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या आजारामुळे कोणाला शाळेतून, नोकरीतून किंवा दवाखान्यातून दूर करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. घरातल्या कोणाला याविषयी काही विचारायचे असेल, तर १०९७ या क्रमांकावर मोफत विचारता येते.

शब्दार्थ
प्रतिबंध – आळा, रोकथाम. संमती – परवानगी, रजामंदी. गुप्त – पोशीदा. नियमित – ठरलेल्या वेळी, पाबंदीने.

स्वाध्याय
१. एच.आय.व्ही. आणि एड्स यांत काय फरक आहे?
२. केंद्रात उरलेल्या गोळ्या का मोजतात?
३. 'एका गोळीची दोन कामे' कोणती, ते पुण्याच्या अभ्यासाच्या आधारे लिहा.
४. तांडेलाची तारीख मासेमारीच्या दिवसांत येते. समुपदेशक आणि तांडेल यांच्यात काय बोलणे होईल? आठ-दहा वाक्यांत संवाद लिहा.