राऊटरचे बेणे बदलण्यापूर्वी



गटागटांत फिरताना अलीकडे उसाच्या जोडीने दुसराच प्रश्न आमच्यापुढे येतो. रिसोड-मालेगावकडे बऱ्याच घरांत आता वायफायची पेटी, म्हणजे राऊटर, आहे. शिकती मुले म्हणतात, जुन्या पेटीत नवा प्रोग्राम टाकू. वडील मंडळी म्हणतात, चालती पेटी कशाला बिघडवता? दोघांचेही थोडेथोडे खरे आहे.

पेटीत कंपनीने बसवलेल्या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. काही वर्षांनी कंपनी त्याची दुरुस्ती बंद करते, आणि त्यातली भोके तशीच राहतात. २०१८ साली 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या घातक प्रोग्रामने जगात ५ लाखांवर अशी यंत्रे पोखरली. कांडी कीड लागावी तसे. वरून पाने हिरवीच.

२००३ साली लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरमध्ये लिनक्स हा मुक्त प्रोग्राम वापरल्याचे उघड झाले. त्याच्या परवान्याची अटच अशी की, आमचे घेऊन विकाल तर त्यावर केलेले कामही खुले करा. कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला. त्यातून २००४ साली 'ओपनडब्ल्यूआरटी' सुरू झाले. जगभरची माणसे मिळून ते सांभाळतात, दाम काही नाही. सहकारात वाढलेल्यांना हे फोडून सांगायला नको!

पण बेणे आणताना आपण नुसता 'ऊस' मागत नाही; ८६०३२ की २६५, हे विचारतो. इथेही तसेच. त्याच डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती २००५ मध्ये आली, तिची स्मृती निम्मी केलेली आणि लिनक्सही काढलेले. नाव तेच, आतला माल वेगळा. म्हणून पेटी उलटी करून मॉडेल आणि आवृत्ती ('व्हर्जन') वाचावी, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ती जुळते का पाहावे, मगच फाइल उतरवावी. ४ एमबी साठवण व ३२ एमबी स्मृतीच्या जुन्या पेटीला नव्या आवृत्त्या पेलत नाहीत. तिच्यामागे लागू नये.

कंपनीची मूळ फाइल मिळत असेल तर आधी उतरवून ठेवावी. फाइल चढवताना पेटी वायरनेच संगणकाला जोडावी. सर्वात मोठा धोका आपल्याकडे लाईटचा. मध्येच लाईट गेली तर पेटी निकामी होऊ शकते. जाणकार तिला 'वीट' म्हणतात. तेव्हा इन्व्हर्टरवर लावूनच हात घालावा. वॉरंटीही बहुधा जाते.

फायबर जोडणीबरोबर आलेली पेटी बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीची असते, तिला हात लावू नये. तिच्यामागे स्वतःची दुसरी पेटी जोडता येते.

नवा प्रोग्राम बसल्यावर वायफाय दिसत नाही म्हणून घाबरू नये. बहुधा ते मुद्दामच बंद ठेवलेले असते. वायर तशीच ठेवून १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडावा, आधी पासवर्ड घालावा, मग वायफाय चालू करावे.