उंदराच्या जबड्यातले हरवलेले दात

तुमचा पहिला दुधाचा दात पडला, तेव्हा तो तुम्ही कोठे टाकला? आमच्याकडे तो उंदराच्या बिळात टाकत. त्यामुळे उंदरासारखे बळकट दात येतात, असे आजी सांगे. तसे काही होत नाही. नवा दात आधीपासूनच जबड्यात तयार होत असतो. पण दात कसा घडतो, हे माणसाला शिकवले ते मात्र खरोखरच उंदराने!

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, घाटी रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. दातांचे डॉक्टर होऊ पाहणारे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात, की गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असतानाच दातांची सुरुवात होते. तोंडाच्या आतले अस्तर जाड होते. तेथून एक अंकुर खाली वाढतो. तो आधी टोपीसारखा आणि मग घंटेसारखा दिसू लागतो. कठीण दात त्यानंतर बनतो.

उंदरातही असेच घडते, पण फार लवकर. उंदरीण सुमारे 20 दिवसांत पिल्ले देते आणि अकराव्या-बाराव्या दिवशीच गर्भात दातांची चाहूल लागते. उंदराला दात फक्त 16. जबड्याच्या प्रत्येक बाजूला पुढे एक पटाशीचा दात, मागे तीन दाढा आणि मधे मोकळी जागा.

एवढासा अंकुर पाहायचा कसा? शास्त्रज्ञ गर्भाचे डोके मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप करतात. एका मिलिमीटरमध्ये शंभराहून अधिक! पण एकेक काप फसवू शकतो. समजा, आपला बीबी का मकबरा उंचावर आडवा कापला. मधे घुमटाचे एक वर्तुळ आणि कोपऱ्यांत मिनारांची चार वर्तुळे दिसतील. ती सारी एकाच चौथऱ्यावर उभी आहेत, हे त्या कापावरून कसे कळणार?

तसेच झाले. तेराव्या दिवसाच्या सुमारास खालच्या जबड्यात जो अंकुर दिसे, तो पहिल्या दाढेचाच, असे सर्वजण धरून चालत. प्राग शहरातील संशोधिका रेनाता पेतेर्कोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात सगळे काप संगणकावर एकापुढे एक रचले आणि लांबी, रुंदी, खोली असलेला पूर्ण आकार उभा केला. तेव्हा निराळेच चित्र दिसले. दाढेच्या पुढे दोन लहान अंकुर होते. खरी दाढ त्यांच्या मागे, थोडी उशिरा उगवत होती! कोट्यवधी वर्षांपूर्वी उंदराच्या पूर्वजांना ज्या उपदाढा होत्या, त्यांच्या या खुणा. पुढचा अंकुर विरून जातो, मागचा दाढेत मिसळतो.

आता काप न करताही असे चित्र मिळते. कोवळ्या अंकुरात खनिज नसते, म्हणून तो क्ष-किरणांना दिसत नाही. त्यासाठी गर्भ आधी एका विशिष्ट द्रावणात भिजवतात.

हा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. काही मुलांना एखादा दात येतच नाही, तर काहींना एक जास्तीचा येतो. काही उंदरांत जनुक बिघडले की तो जुना अंकुर थांबत नाही आणि पहिल्या दाढेपुढे चक्क जास्तीचा दात उगवतो. अंकुराला ‘थांब’ असा निरोप कोण देते, याचा शोध अशाच उंदरांवर चालू आहे.