टर्बोचार्जरच्या तेलाची येण्याजाण्याची वाट

ऊंस, कांदा अथवा भाजीपाला बाजारपेठेस नेणारा मालट्रक आज पुष्कळ बागाइतदारांच्या दारीं उभा असतो, व त्याच्या एंजिनावर बहुधा टर्बोचार्जर बसविलेला असतो. हें यंत्र बिघडलें म्हणजे ऐन हंगामांत गाडी उभी राहते आणि मालकास मोठी रक्कम मोजून नवा टर्बो बसवावा लागतो. कित्येकदां असें घडतें कीं, थोड्याच दिवसांत नवाही जुन्याच्याच वाटेनें जातो. अशा वेळीं दोष टर्बोचा नसून त्यास तेल पोंचविणाऱ्या व त्यांतून तेल परत नेणाऱ्या नळ्यांचा असण्याचा संभव फार असतो. म्हणून या दोन नळ्या कशा असाव्या व तशाच कां असाव्या, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर टर्बोचें एक चक्र फिरतें, आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकास असलेलें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतें. हवा अधिक मिळाल्यामुळें तेवढ्याच आकाराच्या एंजिनांत अधिक डिझेल जाळतां येतें. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें, व १९३८ सालीं स्वित्झर्लंडांतील सौरर कंपनीनें ती मालट्रकाच्या एंजिनास लावली.

ट्रकच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटास एक लक्षाच्या आसपास फेरे घेऊं शकतो, व धुराच्या बाजूची उष्णता ६०० ते ७०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. इतक्या वेगानें फिरणारा शाफ्ट बेअरिंगवर प्रत्यक्ष टेकलेला नसतो. तो तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत असतो. तेव्हां तेलाचीं कामें दोन आहेत. धातूस धातू घासूं न देणें हें पहिलें, आणि उष्णता वाहून नेणें हें दुसरें. भरल्या गाडीचें एंजिन जोरांत चालत असतां कांहीं क्षण जरी तेल थांबलें, तरी बेअरिंगा जळून शाफ्ट निकामी होतो.

तेल आणणारी नळी. या नळींत तेल पंपाच्या दाबानें येतें. तें नेहमीं फिल्टरमधून गाळून आलेल्या जागेवरूनच घ्यावें. कमिन्स कंपनीच्या ५.९ लिटरच्या सहा सिलिंडरांच्या ‘बी’ जातीच्या एंजिनांत ही नळी तेलाच्या फिल्टरच्या माथ्यावरून निघून टर्बोच्या वरच्या तोंडास मिळते. वाट आंखूड, तेल स्वच्छ व दाब पुरेसा, असे तीनही गुण त्या योजनेंत आहेत. नळी वांकवितांना चेपूं देऊं नये. तप्त मॅनिफोल्डपासून ती दूर ठेवावी व हादऱ्यानें तडकूं नये म्हणून क्लॅम्पनें बांधावी. तडकलेल्या नळीचें तेल तप्त लोखंडावर उडालें तर गाडीस आग लागण्याचें भय असतें. बॅन्जो बोल्टाखालीं प्रत्येक वेळीं तांब्याचे नवे वॉशर घालावे. सांध्यास सिलिकॉन मात्र कधींही फांसूं नये. त्याचा तुकडा सुटून तेलाच्या बारीक छिद्रांत अडकला कीं टर्बो गेलाच म्हणून समजावें.

तेल परत नेणारी नळी. हिच्याकडे दुर्लक्ष होतें, आणि बहुतेक अनर्थ येथेंच उद्भवतो. विहिरीवरील पंपाची पाइपलाइन चढावरही पाणी नेते, परंतु शेतांतील चर उताराशिवाय वाहत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. येणारी नळी ही पाइपलाइन आहे व परतीची नळी हा चर आहे. बेअरिंगांतून बाहेर पडलेल्या तेलास दाब उरलेला नसतो. शिवाय तें घुसळल्यामुळें फेंसाळ होऊन अधिक जागा व्यापतें. म्हणून परतीची नळी येणाऱ्या नळीच्या कितीतरी पट रुंद लागते. ट्रकच्या टर्बोस ती आंतून १९ मिलिमीटरपेक्षां लहान नसलेली बरी. ती शक्य तितकी उभी असावी, ओळंब्यापासून ३५ अंशांहून अधिक कलूं नये, व तिच्यांत कोठेंही सखल झोळ अथवा आडवा टप्पा राहूं नये. तिचें खालचें तोंड चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर उघडलें पाहिजे. पातळीखालीं उघडल्यास तेल तुंबतें.

तेल तुंबल्यानें काय होतें तें पाहूं. शाफ्टच्या दोन्ही टोकांस पिस्टन-रिंगसारख्या बारीक कड्या असतात. त्या तुंबलेलें तेल अडविण्यासाठीं केलेल्या नाहींत. आंतील तेल वाहतें असेल तोंवरच त्यांचा उपयोग. परतीची वाट बंद झाली कीं तेल त्या ओलांडून एका बाजूनें धुरांत व दुसऱ्या बाजूनें हवेच्या नळींत शिरतें. मग गाडी निळा धूर ओकूं लागते. हवेच्या वाटेनें तेल फार गेल्यास एंजिन त्याच तेलावर बेफाम पळूं लागतें, व डिझेल बंद केलें तरी थांबत नाहीं.

नळी निर्दोष असूनही तेल तुंबण्याचें आणखी एक कारण आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या अथवा चेंबरचा ब्रीदर मळानें बुजला, म्हणजे चेंबरमध्यें वाफेचा दाब सांचतो व तो परतणाऱ्या तेलास खालून रोखतो. तसेंच हवेचा फिल्टर धुळीनें भरला असतां हवेच्या चक्रामागें ओढ उत्पन्न होऊन तेल त्या बाजूस खेंचलें जातें. यास्तव केवळ तेल दिसतें म्हणून टर्बो बदलूं नये. दोन्ही बाजूंस तेल असेल तर प्रथम परतीची नळी व ब्रीदर पाहावा. फक्त हवेच्या बाजूस असेल तर आधीं हवेचा फिल्टर पाहावा. आणि बेअरिंगा कोरड्या, जळून निळसर झालेल्या आढळल्या तर येणारी नळी तपासावी.

नवा टर्बो बसवितांना पुढील क्रम पाळावा:

(१) एंजिनाचें तेल व फिल्टर बदलावा. दोन्ही नळ्या उतरवून आंतून धुवाव्या. जळक्या तेलाचा कीट निघत नसल्यास नळी नवी घ्यावी.

(२) परतीच्या तोंडाचें पॅकिंग छिद्र झांकीत नाहीं, याची खात्री करावी.

(३) टर्बोच्या वरच्या तोंडांत स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हातानें फिरवावा.

(४) डिझेल बंद ठेवून, परतीच्या तोंडांतून तेल येईपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारावा. नंतरच नळी जोडून एंजिन सुरू करावें व तें कांहीं वेळ मंद गतीवर ठेवावें.

शेवटीं ड्रायव्हरविषयीं. सुरू करतांच एंजिन रेमटवूं नये. तेल टर्बोपर्यंत पोंचण्यास अवधि द्यावा. चढ चढून आलेली भरली गाडी उभी करतांना दोन-तीन मिनिटें एंजिन मंद चालूं द्यावें. तसें न केल्यास शाफ्ट फिरत राहतो पण तेल थांबतें, व आंत राहिलेलें तेल जळून त्याचा कीट त्याच नळ्यांत बसतो. पाटाची साफसफाई जो वेळेवर करतो त्याचें पीक सुकत नाहीं. टर्बोच्या या दोन वाटांचेंही तसेंच आहे.