'चर्च' आणि 'मंडळी'

"आमच्या गावी चर्च नाही," असे काही बंधू खेदाने म्हणतात. त्या शब्दाचे मूळ आपण पाहू. इंग्रजी 'चर्च' व जर्मन 'किर्खे' हे ग्रीक 'कुरियाकोन', म्हणजे 'प्रभूचे', यापासून निघाले. तो शब्द उपासनेच्या घरास लावीत. फ्रेंच 'एग्लीज', पोर्तुगीज 'इग्रेजा' आणि तिजपासून झालेली गोव्यातील 'इगर्ज' यांचे कूळ निराळे. त्यांचे मूळ 'एक्लेसिया', म्हणजे सभा. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेसही हेच नाव होते. नव्या करारात हाच शब्द आहे, आणि तो लोकांस लाविला आहे, भिंतींस नव्हे. म्हणून टिंडल यांनी १५२६ साली छापविलेल्या इंग्रजी नव्या करारात 'काँग्रिगेशन', म्हणजे जमलेला समुदाय, असे घातले. थॉमस मोर यांस ते फार खटकले; १६११ च्या भाषांतरात 'चर्च' आलेच. आमचा मराठी 'मंडळी' शब्द आम्हांस अधिक नेमका वाटतो. फिलेमोनाच्या घरी जमे तीही मंडळीच (फिले. २).