खाली पाऊस, वर बर्फ

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत सॅन होजेहून चार दिवस व्हँकुव्हरला जायचं आहे. सोबत आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. बर्फ मिळेल ना?

उत्तर : मिळेल, पण रस्त्यावर नाही. शहरात डिसेंबर म्हणजे पावसाचाच महिना. समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे डोंगरांना अडतात, वर चढून थंड होतात आणि कोसळतात. सह्याद्रीत जूनमध्ये घडतं तेच इथे हिवाळ्यात. त्यामुळे खाली भुरभुर चालू असताना वर ग्राऊस माउंटनवर बहुधा बर्फ असतो.

तिथे जायला गाडी लागत नाही. वॉटरफ्रंट स्टेशनहून सीबस या फेरीबोटीने खाडी ओलांडायची. सुमारे बारा मिनिटं लागतात. पलीकडच्या ‘लॉन्सडेल की’ या धक्क्यावरून २३६ क्रमांकाची बस थेट पायथ्याशी सोडते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना या सीबस-बसचं तिकीट नाही. पुढे रोप-वे, म्हणजे सासूबाईंना चढ नाही. मात्र त्याचं तिकीट सणसणीत महाग, तेव्हा ढग उतरलेले असतील तर बेत दुसऱ्या दिवसावर ढकलावा.

पावसाच्या दिवशी ग्रॅनव्हिल आयलंडचा छपराखालचा बाजार किंवा मुलांचं सायन्स वर्ल्ड बरं. उघडीप मिळाली तर स्टॅन्ले पार्कची समुद्रकाठची वाट, तीही सकाळीच. सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो.

छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट घ्यावेत. मोज्यांचे जोड दुप्पट.