शाहजोग नाव

हुंडीच्या जुन्या प्रकारांत शाहजोग हुंडी हा एक प्रकार होता. दर्शनी आणि मुदती हे भेद पुष्कळांना ऐकून ठाऊक असतात, पण शाहजोग या शब्दाचा अर्थ आपल्या तरुण सभासदांपैकी थोड्यांनाच सांगता येईल. अशा हुंडीची रक्कम, कागद घेऊन येईल त्याच्या हातावर ठेवली जात नसे. पैसे घेणारा ‘शाह’ असावा लागे, म्हणजे त्या बाजारात ओळखीचा आणि पतीचा माणूस असावा लागे. हुंडी वाटेत चोरीस गेली तरी चोराला तिचा उपयोग सहसा होत नसे, कारण चोराला पेठेत कोणी ओळखत नव्हते. याच व्यवहारात जिकरी चिठ्ठी म्हणून आणखी एक सोय होती. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती नाकारली, तर त्याच गावातील दुसऱ्या एखाद्या पेढीने ती सकारावी, अशी विनंती त्या चिठ्ठीत केलेली असे. आपली पेढी एका गावी आणि आपल्या शब्दासाठी पैसे मोजणारा दुसऱ्या गावी, असा हा विलक्षण व्यवहार होता.

‘शाह’ ही पदवी कोणतेही सरकार देत नसे. ती बाजार देई, आणि बाजारच काढून घेई. परंतु त्या काळचा बाजार लहान होता व माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहत. आज तसे नाही. आजोबांना सारे सौंसर ओळखत होते, ही गोष्ट अभिमानाची खरी. पण नागपुरात हिशेब तपासनिसाचे काम नव्याने सुरू करणाऱ्या नातवाला तिचा उपयोग किती? तेथील गिऱ्हाइकाने सौंसर पाहिलेले नसते. बँकेचा अधिकारी काही वर्षांनी बदलून जातो व नवा अधिकारी कागदच पाहतो. आपल्या भागातील संत्र्याचीच गोष्ट घ्या. सौंसर आणि पांढुर्णा या दोन्ही तहसिलींत संत्र्याच्या बागा विपुल आहेत. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. तरी दूरच्या बाजारात हे फळ नागपुरी संत्रा म्हणूनच ओळखले जाते. माल आपला आणि नाव शेजाऱ्याचे! माणसाच्या कामाचेही असेच होऊ शकते.

मग अनोळखी माणसापर्यंत आपले नाव न्यावे कसे? याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात किर्लोस्करांनी घालून दिले. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमधील शिक्षक. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान थाटले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला होता, पण चांगुलपणा नांगराला स्वतः बोलून दाखविता येत नाही. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ त्याचे संपादक होते. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने घरोघरी वाचले जाऊ लागले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडेही निघाली.

यातील मर्म जाहिरातीत नाही, असे मला वाटते. जाहिरात पुष्कळजण देतात. किर्लोस्करांनी वाचकाला दर महिन्यास त्याच्या उपयोगाचे काही दिले आणि ते नेमाने दिले. जो आपल्याला काही शिकवितो, त्याच्यावर माणूस आपोआप विश्वास टाकतो. मालाचा गुण नसता, तर हा सारा खटाटोप एका हंगामात उघडा पडला असता, हेही येथे सांगितले पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्याच समाजातील आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांचे घराणे व्यापारी व सावकारी. घराण्याची पत बाजारात होती, पण रेल्वेच्या कामात त्यांचे नाव कोणास ठाऊक असणार? त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. फाटकांकडे कामाची जाण, वालचंदांकडे भांडवल. ते काम झाल्यावर ‘रेल्वेचे कंत्राटदार’ ही ओळख त्यांची स्वतःची झाली. १९१९ साली सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले, त्याच्या मागे अशा पूर्ण केलेल्या कामांची साखळी होती. वडिलार्जित नावाने दार उघडते. आत बसावयास जागा मात्र कामानेच मिळते.

आपल्या मुलामुलींनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, आपण नेमके काय करतो हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ अशी पाटी वाचून गिऱ्हाईक पुढे जाते. ‘संत्रा व कापूस व्यापाऱ्यांचे हिशेब व करविवरणे’ अशी पाटी असली, तर ज्याला गरज आहे तो थांबतो. केलेल्या कामाची टाचणे ठेवावीत. रोजमेळ लिहिणाऱ्या घराला हे कठीण नाही. संत्र्याचा अडत्या असेल तर आंबिया बहाराचे आणि मृग बहाराचे फळ केव्हा आले, कोणत्या प्रतीस काय भाव मिळाला, हे त्याने नेमाने लिहून आपल्या बागाइतदारांना आणि परपेठेतील खरेदीदारांना कळवावे. भाव पडलेल्या दिवशीही कळवावे. उलट त्या दिवशी आवर्जून कळवावे, कारण विश्वास त्याच दिवशी बसतो. हे पूर्वी पोस्टकार्डावर होत असे, आता मोबाइलवर होते. साधन स्वस्त झाले म्हणून मजकूर मात्र स्वस्त होऊ नये.

आणि अतिशयोक्ती? अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटे माप व भेसळ यांची गणना आहे, सत्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या लेखाची. न केलेल्या कामाचा उल्लेख आपल्या माहितीपत्रात करणे हा खोटा लेखच होय.

वडीलधाऱ्या सभासदांकडूनही एक अपेक्षा आहे. नोकरीस किंवा धंद्यास परगावी निघालेला तरुण त्यांच्याकडे ओळखीची चिठ्ठी मागावयास येतो, तेव्हा सारा कागद त्याच्या कुळाच्या वर्णनाने भरला जातो. ही आजची जिकरी चिठ्ठी आहे. ती लिहिणाराही जामीन राहतो. मुलगा कोणाचा हे एका ओळीत लिहावे. उरलेल्या जागेत त्याने कोणते काम केले, किती दिवस केले आणि ते आपण स्वतः पाहिले आहे काय, एवढे लिहावे. आणि पाहिले नसेल, तर ज्याने पाहिले आहे त्याच्याकडे त्याला पाठवावे.