टेस्ट कोणती लावू, हा शेवटचा प्रश्न

संख्याशास्त्र शिकवताना आणि प्रबंधाचा डेटा घेऊन आलेल्या मुलांसोबत बसताना तेच ते प्रश्न दरवर्षी कानावर येतात. प्रश्न रास्त असतात, फक्त त्यांचा क्रम बहुतेकदा उलटा असतो.

१. ‘मॅडम, टेस्ट कोणती लावू?’

सबमिशन तोंडावर आलं की हा प्रश्न हमखास येतो. मी आधी विचारते, तुला शोधायचंय काय? औषधाआधी आणि औषधानंतर त्याच रुग्णांचा रक्तदाब मोजला असेल, तर मापं जोडीजोडीची आहेत. तिथे पेअर्ड टी-टेस्टचा विचार करायचा. रुग्णांचे दोन वेगळे गट असतील, तर हिशेब वेगळा. हे प्रयोग आखतानाच ठरायला हवं. प्रयोग उरकल्यावर बोलावलेला संख्याशास्त्रज्ञ फार तर प्रयोग कशाने फसला एवढं सांगू शकतो, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्यात बजावलं होतं.

२. ‘सॅम्पल किती घेऊ? दहा टक्के?’

हा दहा टक्क्यांचा समज फार चिवट आहे. लोकसंख्या मोठी असली की नमुन्याचा आकार आपल्याला अचूकता किती हवी यावर ठरतो. एखाद्या गोष्टीची टक्केवारी काढायची आहे, ९५ टक्के विश्वासपातळी हवी आहे आणि ५ टक्के इकडेतिकडे चालणार आहे, तर साध्या यादृच्छिक निवडीत ३८५ माणसं पुरतात. मग तालुका असो की अख्खं राज्य. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात.

पण खरी गोम निवडीत आहे. १९३६ च्या अमेरिकी निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने २० लाखांहून जास्त मतपत्रिका मिळवून लँडन जिंकणार असं सांगितलं. जिंकले रूझवेल्ट, तेही दणदणीत. नावं टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली, म्हणजे खात्यापित्या घरांची, आणि त्यातही उत्तर धाडणारे थोडेच. आपल्याकडे पीक कापणी प्रयोगात शेतही चिठ्ठी टाकल्यासारखं निवडतात आणि शेतातली जागाही. बांधावरून डोळ्यात भरेल तो तुकडा कापायची मुभा नाही. ही शिस्त रुजवण्यात पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, हे मी वर्गात अगत्याने सांगते.

३. ‘रिकाम्या खान्यात शून्य भरू का?’

अजिबात नको. पावसाच्या नोंदवहीत शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामी जागा म्हणजे कोणी मोजलाच नाही. तीन दिवस २०, ३०, ४० मिलिमीटर आणि चौथा दिवस कोरा असेल, तर एक्सेल तीन दिवसांची सरासरी ३० देतं. तिथे शून्य भरलं की ती २२.५ होते.

४. ‘सरासरी काढली, ग्राफ कशाला?’

संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी १९७३ साली चार आकडेसंच मांडले. सरासरी, विचलन, सहसंबंध जवळपास सारखे. ग्राफ मात्र चार तऱ्हांचे. ते एकदा पाहाच.

५. ‘पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आणता येईल का?’

या प्रश्नाने मला खरोखर वाईट वाटतं, कारण मुलं हे मनाने विचारत नाहीत, भीतीने विचारतात. परिणाम काहीच नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. आपला अंदाज खरा असण्याची शक्यता ती सांगत नाही. परिणाम कुठेच नसताना वीस टेस्ट लावल्या, तरी सरासरीने एक ०.०५ च्या खाली जाणारच. तेवढीच उचलून छापली, की ती वाचकाची फसवणूक होते. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेही नुसत्या या उंबरठ्यावरून निष्कर्ष काढू नका, असं जाहीरपणे सांगितलं.

म्हणून मार्गदर्शकांना कळकळीची विनंती: विद्यार्थ्याने नीट आखलेल्या प्रयोगात पी-व्हॅल्यू ०.३ आली, तर प्रबंध परत पाठवू नका. फरक किती आला आणि तो कोणत्या मर्यादेत आहे, ते त्याला लिहू द्या.